कोऱ्या कापडाची गोधडी

अंकाच्या संपादकांचा फोन आला. "ताई, तुम्ही त्या काळात आदिवासी महिलांचं सक्षमीकरण केलंत, त्यावर लिहा." मी म्हटलं, बाबा रे, आमच्या वेळी हा शब्द जन्मायचा होता. तेव्हा 'उद्धार' चालू होता, आणि त्याच्या आधी 'सुधारणा'. शब्द बदलत गेले, पाड्यावर चढायची वाट तीच राहिली आणि त्या वाटेने माझे गुडघे खाल्ले. आता कुठलंही काम गुडघ्यांना विचारून करावं लागतं. लिहिणं बसून होतं म्हणून ते नाही म्हणाले नाहीत, इतकंच.

मी कुणाला सक्षम केलं नाही. मी गोधड्या शिवून घ्यायचे, गोळा करायचे आणि पोचवायचे. मी मूळची केळवे-माहीमची, पानवेली आणि केळीच्या बागा राखणाऱ्या घरातली. शिवणकामाची परीक्षा पास झाले होते, लग्न काही जमत नव्हतं, आणि पालघरच्या एका संस्थेला पाड्यांवर फिरायला हस्तकला शिक्षिका हवी होती. या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्या काळी समाजसेवा घडायची. ती संस्था आता नाही, तिचं नाव सांगून कुणाला काही मिळायचं नाही.

सकाळी माहीमहून पालघरला यायचं, तिथून गाडीने बोईसर, आणि मग पूर्वेला डोंगराच्या दिशेने पायी. बोईसर तेव्हा म्हणजे स्टेशन, गवताच्या गंजी आणि चार दुकानं. सरावलीकडे नुसती भातखाचरं. पश्चिमेला तारापुरात वीज केंद्राचं काम निघालं होतं, त्यामुळे त्या रस्त्यावर सारखे ट्रक आणि जीपगाड्या. धूळ उडायची ती तिकडे. आमच्या बाजूला धूळ उडवण्याइतकंही कुणी जात नसे.

संस्थेचा अभ्यासक्रम छापील होता. पहिला धडा, धावदोरा. त्या बायकांना धावदोरा शिकवायचा म्हणजे आमच्या माहीमच्या कोळणीला मासळी साफ करायला शिकवायचं. पहिल्याच दिवशी मी तो कागद पिशवीत घातला, तो पुन्हा काढला नाही.

ज्यांनी गोधडी फक्त पांघरली आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगते. खाली एक लुगडं, वर एक लुगडं. खालचं अस्तर, वरचा आभरा. मध्ये जुनेराचे थर, म्हणजे वापरून वापरून मऊ पडलेल्या कपड्यांचे. मग कडा दुमडून घ्यायच्या आणि कडेपासून आत धावदोरा घालत जायचं, चौकोनाच्या आत चौकोन, थेट मध्यापर्यंत. चौकट नाही, ताणून धरायला काही नाही. बाई स्वतःच गोधडीवर बसते, तिच्या वजनाने थर हलत नाहीत, आणि शिवत शिवत ती पुढे सरकते. पाठ मोडते ती तिथे. मुंबईचे लोक प्रदर्शनात मला विचारायचे, "डिझाइन कागदावर काढून देता का?" कसलं डिझाइन? बाई बसेल तिथून टाका निघतो. पण हे सांगून सांगून तोंड दुखायला लागलं, तेव्हा मी 'हो, देते' म्हणायला सुरुवात केली. लोकांचं समाधान होत असे.

पाड्यावर गोधडीच्या बाबतीत शेवटचा शब्द बुधीबायचा. वयाने ती फार मोठी नव्हती, चाळिशीची असेल. किडकिडीत अंग, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता टाक्याकडे बघायची सवय. पाड्यावर सगळेच सगळ्यांना 'तू' म्हणत. कलेक्टर आला असता तरी त्याला 'तू, बस' म्हणाले असते. मलाही 'बाई, तू'. महिन्याभरात मीही तशीच बोलायला लागले आणि घरी येऊन मामांना 'तू' म्हणून शिव्या खाल्ल्या.

बुधीची थोरली मुलं आपापल्या घरी होती. धाकटी लेक जिवली आणि घरजावई तिच्याजवळ. भात झोडून झालं की पाडा रिकामा व्हायचा. वसई-भिवंडीच्या बाजूला वीटभट्ट्यांवर माणसं जायची, ती उन्हाळा संपताना परतायची. याला तिकडे 'जगायला जाणं' म्हणतात. आदल्या हिवाळ्यात जिवली जगायला गेली होती, आणि तिचं तान्हं पोर भट्टीवरच्या खोपटात थंडीने गेलं. आता तिला परत दिवस होते.

ही गोष्ट बुधीने मला एकदाच सांगितली, तीही सुई ओवता ओवता. "माघात होईल. माघात भट्टीवर थंडी लय. तू काम देशील तर ती घरी ऱ्हाईल. नायतर जाईल, खायाला काय हाय घरात?"

मी काम देईन म्हटलं. बोलायला माझं काय जात होतं? काम माझ्या हातात नव्हतं.

काम होतं सबनीसांच्या हातात. मुंबईतल्या एका हस्तकलेच्या दुकानाची खरेदी हे गृहस्थ बघत. बुधीची एक गोधडी त्यांनी प्रदर्शनात पाहिली आणि बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, अशा हव्यात, पण नव्या कापडाच्या. दुकान ताग्यांनी कापड देईल. पहिल्या गोधड्या पसंत पडल्या तर हिवाळाभर काम देऊ. जून लागता लागता लाल, निळ्या, पोपटी रंगाचे तागे आले. मी ते बैलगाडीत घालून पाड्यावर नेले, बायकांना वाटून दिले, आणि पावसाने ओढे भरले म्हणून महिनाभर पाड्याचं तोंड पाहिलं नाही.

ओढा उतरल्यावर गेले. लावणी चालू होती. लांबूनच खाचरात लाल, निळी, पोपटी रांग दिसली. वाटलं, लग्न आहे कुणाचं. मग वाटलं, लावणीत लग्न कुठलं? जवळ गेले आणि मटकन बांधावरच बसले. दुकानाचं कापड अख्ख्या पाड्याने नेसलं होतं आणि सगळ्याजणी पोटरीभर चिखलात उभ्या राहून भाताचं आवण लावत होत्या.

"बुधीबाय, हे काय केलंत?"

"काय केला? नेसलो."

"अगं, हे गोधडीचं कापड आहे!"

"गोधडीचाच हाय. म्हनून तर नेसलो." ती चिखलातून बाहेर आली, हात धुतले आणि लहान पोराला समजवावं तशी माझ्याजवळ बसली. "कोरा कापड कोन पांघरतो, बाई? मेलेला पांघरतो. जित्ता मानूस कोऱ्यात निजत नाय. पयला कोनीतरी नेसायचा, घामात भिजवायचा, पान्यातून काढायचा. मंग त्याची गोधडी."

"पण हे मुंबईच्या लोकांसाठी आहे."

"मंग? ती काय मेलेली हायत? ती बी निजनारच ना त्यात. त्यांचा आमी वाईट का करावा?"

आमच्या घरीसुद्धा तान्ह्या बाळाला आधी जुनेरात गुंडाळतात, कोरं अंगाला लावत नाहीत. आपण ते बारशापुरतं पाळतो आणि विसरतो. यांनी मोठ्या माणसांनाही तो नियम लावला होता, आणि ओळख ना पाळख अशा माणसांनाही.

बरं, नेसलं तेही उगाच नाही. लहान मुलांच्या गोधड्यांचं कापड ज्यांची सगळी मुलं जगली अशा बायकांनाच दिलेलं. जिवली मात्र जुन्याच ठिगळाच्या लुगड्यात होती. मी विचारलं तशी बुधी हळू आवाजात म्हणाली, "तिचा पोर गेला ना. तिचे अंगावरचा दुसऱ्याचे लेकरावर कशाला?" जिवलीला ऐकू गेलं असावं. ती वाकलेलीच राहिली, तिचा हात तेवढा भरभर चालायला लागला.

गोधड्या झाल्या. इतक्या मऊ गोधड्या मी त्याआधी किंवा नंतर हातात घेतल्या नाहीत. सबनीस पालघरला आले, एकेक उलगडून पाहिली आणि चष्मा काढून ठेवला. "टाका काय आहे हो! पण बाई, हे कापड वापरलेलं आहे."

मी सगळं सांगितलं. चांगले गृहस्थ होते, हसले नाहीत. "माझ्या आईला हे पटलं असतं," ते म्हणाले. "पण दुकान आईच्या मताने चालत नाही. गिऱ्हाईक नवं म्हणून घेतं, त्याला हे विटकं मी कसं देऊ?" शेवटी त्यांनी आणखी एकदा कापड द्यायचं कबूल केलं. कुणी नेसायचं नाही, धुवायचं नाही. आत घालायलासुद्धा कोरंच, कारण जुनेर म्हटलं की लोकांना रोगराई आठवते. आणि हे शेवटचं. नापास गोधड्या संस्थेने बायकांनाच देऊन टाकल्या. त्या हिवाळ्यात पाडा झोपला मात्र झकास.

नवे तागे घेऊन मी पाड्यावर गेले, तेव्हा एकही बाई पुढे होईना. बुधीच्या ओट्यावर सगळ्या बसल्या होत्या आणि तागे मधोमध होते. कुणी त्यांना हात लावत नव्हतं. मी पुष्कळ बोलले. मुंबईत सगळे कोऱ्यातच झोपतात, काही होत नाही, डॉक्टरसुद्धा कोऱ्या चादरी घालतात, असं काय काय. माझं बोलणं मलाच कंटाळवाणं वाटत होतं. एक म्हातारी उठून गेली. दुसरी म्हणाली, "नको बाई. आमी भट्टीवर जाऊ."

बुधी जिवलीकडे बघत होती. जिवली कुडाला टेकून बसली होती, पोट दिसायला लागलं होतं. बुधी म्हणाली, "माजी पोर घरात ऱ्हावी म्हनून दुसऱ्याचा पोर कोऱ्यात निजवायचा." ती हे मला विचारत नव्हती. मग तिने लाल तागा मांडीवर ओढला. "देस. पन थर मी लावीन. समद्या गोधड्यांचे थर मीच लावनार, माजे घरात. कडा टाचून देईन, मंग तुमी शिवा."

मला वाटलं, काय ही कामाची आच! थर सरळ बसावेत म्हणून ही अट. माईंना, म्हणजे आमच्या संस्थेच्या संचालिकांना, मी कौतुकाने सांगितलंही की पाड्यावर आपोआप देखरेखीची पद्धत उभी राहिली. माईंनी ते एका भाषणात घातलं.

गोधड्या पास झाल्या. भात झोडून झालं, पुरुष भट्ट्यांवर गेले, आणि शिवणाऱ्या बायका पहिल्यांदाच पाड्यावर राहिल्या. सकाळच्या उन्हात ओट्या-ओट्यावर गोधड्या पसरलेल्या आणि त्यांवर बायका बसलेल्या. माझ्या सगळ्या नोकरीत अभिमान वाटावा असं मी जे काही पाहिलं, ते एवढंच.

पण बुधीने मला एक प्रश्न लावून दिला. मी गेले की पाणी द्यायच्या आधी तो प्रश्न यायचा. "बाई, निजतात ती मानसं बरी हायत ना?"

पहिल्यांदा मला हसू आलं. मुंबईत कोण कुठे झोपतं आणि कसं उठतं हे मला काय ठाऊक? पण मी "बरी आहेत" म्हणाले. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याही. एकदा मी दमून गेले होते, थट्टेने म्हटलं, "एकाला सर्दी झालीय म्हणे." तिचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. त्यानंतर मी थट्टा केली नाही. ओटा दिसायच्या आतच लांबून ओरडायचे, "बरी आहेत गं!"

गिऱ्हाइकांत एक तारापूरची मेमसाहेब होती, वीज केंद्राच्या कामावर आलेल्या परदेशी इंजिनियरची बायको. मी तिला गोधडी पोचवली. पुढच्या वेळी गेले तर गोधडी भिंतीवर खिळे मारून टांगलेली. तिला अगदी तशीच दुसरी हवी होती, समोरच्या भिंतीवर. मी बुधीला सांगितलं.

"भिंतीला पांघरली?"

"हो."

"तिचे भिंतीला थंडी वाजते?" सगळा ओटा हसला. बुधीही हसली, पण मग विचार करून म्हणाली, "म्हंजे तिच्यात कोनी निजत नाय?" मी नाही म्हटलं. "मंग त्या बाईची लगेच करून देते. तिला कोरी चालंल." तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. खटकायला हवं होतं, पण मी घड्याळाकडे बघत होते. बोईसरची गाडी चुकली की घरी पोचायला अंधार व्हायचा.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण मी तिचा अर्थ भलताच लावला. बुधीचं लुगडं आखूड होत चाललं होतं. पाड्यावर लुगडं गुडघ्यापर्यंतच असतं, हिचं गुडघ्याच्याही वर गेलं, पदर नावापुरता उरला. मला वाटलं, गरिबी. मी माझ्या आईचं एक जुनं चॉकलेटी लुगडं तिला नेऊन दिलं. तिने ते हातात घेऊन उन्हाकडे धरलं आणि विचारलं, "तुजी आय किती पोरांची?"

"पाच जणं आम्ही."

"समदी हायत?"

"सगळी धड आहेत."

ती खूश झाली. पण पुढच्या वेळी गेले, तर तिच्या अंगावर तेच आखूड झालेलं लुगडं. आईचं लुगडं कुठे दिसेना. मला जरा राग आला. दिलेलं ही वापरत नाही, दुसऱ्या कुणाला देऊन टाकलं असेल, असं वाटलं. बोलले मात्र नाही.

माघात जिवलीला मुलगा झाला, तिच्या आईच्या घरात, चुलीजवळ. मी पाहायला गेले तेव्हा त्याला चिखलात नेसलेल्या, आमच्या त्या नापास पोपटी गोधडीत गुंडाळलं होतं. फक्त नाक दिसत होतं. बुधी म्हणाली, "बघ, घामेजलाय कसा!" आणि माझ्याकडे पाठ करून चुलीत फुंकर घालत बसली. चूल चांगली पेटलेली होती.

फाल्गुनात सबनीसांनी मला पालघरच्या ऑफिसात बोलावून घेतलं. टेबलावर एक लाल गोधडी होती, मधोमध उसवलेली. कुणा बाईने ती धुतली, टाका सुटला आणि आतून चिंधी बाहेर आली. ती बाई दुकानात येऊन चारचौघांत खूप बोलली होती. सबनीसांनी ती चिंधी दोन बोटांनी ओढून टेबलावर पसरली. "हे काय आहे, बाई?"

चॉकलेटी कापड, बारीक काठ, आणि काठाजवळ एक रफू. ते रफू मी केलेलं होतं. शिवणाच्या परीक्षेआधी सराव म्हणून आईच्या लुगड्यावर केलेलं, त्यामुळे जरुरीपेक्षा जास्त बारीक. त्याच्या खाली दुसरा पट्टा होता, जाड्याभरड्या कापडाचा. त्या पट्ट्याचा रंगही मला पाठ होता. सबंध हिवाळा मी तो बुधीच्या अंगावर आखडत जाताना पाहिला होता.

मी खुर्ची ओढून बसले. सबनीसांनी पाणी मागवलं. मी त्यांना सांगितलं ते हेच की ही चिंधी नाही, त्या बाईने कुणालाही कोऱ्यात झोपू दिलं नाही. त्यांनी दोन्ही तुकडे परत आत सारले.

"मला कळतं हो," ते म्हणाले. "पण मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगत बसू? आणि सांगितलं तर ते घेतील?" काम बंद झालं. माईंनीही फार ताणून धरलं नाही, त्यांना तोवर मधमाशापालनाची योजना मिळाली होती. निघताना सबनीसांनी ती लाल गोधडी घडी करून माझ्या हातात दिली. "ही तुम्हीच न्या. ही आता विकायची नाही."

पाड्यावर हे सांगायला जाताना वाट संपू नये असं वाटत होतं. बुधी ओट्यावर होती, नातू मांडीवर. माझ्या काखेतली गोधडी तिने पाहिली आणि नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही.

"गावली?" ती म्हणाली.

"तू चिंध्या घातल्यास आत?"

"चिंधी नाय ती. नेसनीचा तुकडा हाय. माजी समदी पोरं जगली, तुजे आयची बी जगली. एकेक तुकडा घातला मधोमध, निजल्यावर छातीवर येल तिथं."

"मला सांगायचं नाहीस?"

"सांगितला असता तर तू नको म्हनली असतीस. मंग मी नाय शिवली असती. मंग ही भट्टीवर गेली असती." तिने हनुवटीने जिवलीकडे दाखवलं. "आनि हा?"

काम बंद झालं, एवढंच मी सांगितलं. जिवली दारात उभी होती, ती आत निघून गेली. बुधी पोराच्या पाठीवर थोपटत राहिली. मला वाटलं, आता रडेल किंवा मला बोलेल. ती म्हणाली, "बाकीच्या? त्या बी उसवल्या?"

"नाही. ही एकच फाटली. बाकीच्या लोकांच्या घरी आहेत."

"तुकडा आत हाय?"

"आहे."

"त्यांना ठावं नाय?"

"नाही."

तिने मोठा श्वास सोडला. "मंग बरी असतील," म्हणाली, आणि मला पाणी द्यायला उठली.

पुढच्या हिवाळ्यात पाडा पुन्हा रिकामा झाला. बुधीचं घर भट्टीवर न जाता तारापूरला खडी वाहायला गेलं. मी त्यांना बोईसरच्या रस्त्यावर ट्रकमध्ये चढताना पाहिलं. पोर जिवलीच्या पाठीशी, पोपटी गोधडीत. बुधीने हात केला. ट्रक पुढे गेला आणि मी मधमाशांच्या पेट्यांची चौकशी करायला तालुक्याला गेले. मधमाशा दोन पावसाळे टिकल्या. मग टोपल्या आल्या, मग पापड, मग मेणबत्त्या. प्रत्येक वेळी उद्घाटन झालं आणि हार मलाच आणावे लागले. निवृत्त होताना माझ्या सत्कारात एक वक्ते म्हणाले की मी हजारो भगिनींच्या जीवनात प्रकाश आणला. मी मेणबत्त्यांचाच विचार करत होते.

एका हिवाळ्यापुरतं एक पोर घरात जन्मलं आणि जगलं. माझ्या सगळ्या नोकरीचं काम म्हणून मी एवढंच दाखवू शकते, आणि तेही माझ्यापेक्षा बुधीने केलं. मी फक्त कापड पोचवलं. मला याचं वाईट वाटतं, अजून वाटतं. हे लिहिताना हात थकला म्हणून थांबले असं घरच्यांना सांगितलं, पण हात थकला नव्हता.

तो पोरगा मोठा झाला. पुढे बोईसरला कारखाने आले, त्यात लागला, सरावलीला खोली घेऊन राहिला. आता तोही निवृत्तीला आला. मागे एकदा पालघरच्या बाजारात त्याने मला ओळखलं, मी त्याला नाही. पायाला हात लावला. आजी गेली म्हणाला, बरीच वर्षं झाली. रिवाजाप्रमाणे कोरं कापड घातलं.

"लई आठवन काडायची तुजी," तो म्हणाला. "म्हनायची, बाई गावली तर इचार, निजतात ती मानसं बरी हायत का."

मी त्याला नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि रिक्षा कुठे मिळेल ते विचारलं. त्याने मला रिक्षात बसवून दिलं.

ती लाल गोधडी माझ्याकडेच आहे. मधला टाका मी तेव्हाच परत घातला, आईचा आणि बुधीचा तुकडा होता तसा आत ठेवून. आता तिचा रंग विटला आहे आणि कडा झिजल्या आहेत. भावाच्या सुना म्हणतात, "टाकून द्या, नवं ब्लँकेट आणलंय." ते ब्लँकेट कपाटात कोरंच पडून आहे. रोज मी ही अंगावर घेते, मधला टाका छातीवर येईल अशी. गुडघे दुखतात, कान गेले, डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

बुधीबाय, बाकीच्यांचं मला कधीच ठाऊक नव्हतं गं. मी बरी आहे.